रक्तातील विळा

चार्ल्स डार्विन याने १८५९ साली आपल्या ग्रंथातून नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त जगापुढे मांडला. भोवतालच्या परिस्थितीशी जुळणारे गुण ज्या जीवांत असतात, ते अधिक जगतात व अधिक संतती मागे ठेवतात. म्हणून ते गुण पिढ्यानुपिढ्या वाढत जातात, हे त्याचे सार होय. यावर एक शंका सहज मनात येते. आज मनुष्यापाशी औषधे आहेत, धान्याची कोठारे आहेत, दवाखाने आहेत. मग ही निवड मनुष्यापुरती थांबली की काय? उत्तरासाठी आपणांस दूर जावयास नको. ते आपल्याच मुलखात मिळते.

आपल्या बालाघाट जिल्ह्यात बैहरकडील भाग डोंगराळ व अरण्यमय आहे. बैगा व गोंड बांधवांची ती वस्ती. तेथे पूर्वी हिवतापाचा मोठा उपद्रव असे. याच मध्य भारतात, विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत, ‘सिकलसेल’ नावाचा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. तो आदिवासींतच आहे असे नव्हे. इतर अनेक समाजांतही आहे.

निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल व लवचिक असते. या रोगात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील ६ व्या स्थानचा एकच घटक बदललेला असतो. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि रोग्यास असह्य वेदना होतात. रक्तक्षयही होतो. असा घातक दोष निसर्गाने केव्हाच निपटून का काढला नाही?

त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. प्रत्येक गुणाचे बीज, म्हणजे जनुक, आपणांस आईकडून एक व वडिलांकडून एक असे मिळते. दोन्ही सदोष असतील तर रोग होतो. एकच सदोष असेल तर मनुष्य केवळ ‘वाहक’ होतो. तो सहसा निरोगी असतो, आणि घातक हिवतापापासून त्याचा बराच बचाव होतो. ही गोष्ट ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिली. हिवतापाच्या मुलखात वाहक तगले, आणि त्यांच्याबरोबर तो दोषही टिकून राहिला.

यावरून एक बोध घ्यावयाचा. निसर्ग श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवीत नाही. त्या स्थळी, त्या काळी काय उपयोगी पडते एवढेच तो पाहतो. सिकलसेलवरून कोणत्याही समाजास हीन लेखणे हे अज्ञान होय.

आता परिस्थिती पालटत आहे. हिवताप हटत चालला, तसा वाहकाचा तो लाभही ओसरत आहे. उलट हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधांमुळे रोगी अधिक काळ जगतात व संसार करू शकतात. म्हणजे निवड थांबलेली नाही. तिच्या अटी बदलल्या आहेत, आणि त्या बदलण्यात मनुष्याचाच हात आहे.

परंतु निसर्गाची चाल फार मंद असते. दोष आपोआप ओसरावयास कित्येक पिढ्या लागतील. आजारी बालकास तेवढी सवड कोठून? पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. अशा घरी पुष्कळदा सर्व बोल मातेलाच लावला जातो. तो अन्याय आहे. दोष दोहोंकडून आल्यावाचून हा रोग होतच नाही.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास आरंभ झाला. २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये, असा त्याचा संकल्प आहे. त्यात आपलाही वाटा आहे. विवाह जुळविताना आपण पत्रिका पाहतो. त्याबरोबर रक्ताची तपासणीही करून घ्यावी. वाहक असणे हा कलंक नव्हे; मात्र ते वेळीच जाणून घेणे हे आपले कर्तव्य आहे. निसर्गाने विचार न करता जे घडविले, त्याचा विचार करण्याची शक्ती मनुष्यास लाभली आहे. ती आपण वापरावी.