मागच्या बाकापर्यंत आवाज

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका शाळेत आम्ही गेलो, तेव्हा संगणकावर पक्ष्यांचे आवाज ऐकवणे चालू होते. पहिल्या दोन बाकांवरची मुले तल्लीन. मागची मुले एकमेकांच्या वहीत डोकावत होती. वर पंखे, बाहेर जालना रस्त्यावरच्या मालमोटारी. गुरुजींनी संगणकाच्या हेडफोनच्या भोकातच एक जुना स्पीकर जोडला होता.

"आवाज पूर्ण वाढवलाय, तरी पोचत नाही. पाचशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा म्हणतो. आणि संगणक खोलीतल्या हेडफोनांसाठी आणखी एक."

पैसे पालकांच्या वर्गणीचे होते. म्हणून आम्ही फळ्यावर थोडे गणित मांडले. त्याला ओहमचा नियम पुरतो.

संगणकाची ताकद किती?

समजा, संगणकाचा हेडफोनचा मार्ग १ व्होल्ट देतो आणि त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध ३२ ओहम आहे. (हे आकडे यंत्रागणिक बदलतात, हिशेबाची रीत मात्र तीच राहते.) त्याला ३२ ओहमचा हेडफोन जोडला, तर विद्युतदाब निम्मा निम्मा वाटला जातो. हेडफोनला ०.५ व्होल्ट मिळतात. दाबाचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती. ती येते सुमारे ८ मिलिवॅट.

आता हेडफोन काढून ४ ओहमचा स्पीकर जोडू. एकूण रोध ३६ ओहम. त्यातला स्पीकरचा वाटा फक्त नववा. त्याला ०.११ व्होल्ट म्हणजे जेमतेम ३ मिलिवॅट मिळतात. बाकीची शक्ती संगणकाच्या आतच उष्णता होऊन जाते. गुरुजींच्या स्पीकरची कुजबुज कशामुळे, ते इथे उलगडते.

किती वॅट हवेत?

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. शक्ती दहापट झाली की पातळी १० डेसिबलने वाढते. दुप्पट झाली तर फक्त ३ ने. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. वर्गात भिंतींवरून परावर्तन होते म्हणून ती थोडी कमी उतरते. पण हिशेबाला हा नियम चालेल.

पंखे आणि रस्ता मिळून वर्गातला गोंगाट ५५ डेसिबल धरू. बोलणे नीट समजायला ते गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असावे लागते. म्हणजे शेवटच्या बाकावर ७० हवेत. तो बाक ८ मीटरवर असेल, तर स्पीकरपासून १ मीटरवर ८८ डेसिबल लागतील. साधा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतो असे मानले, तर गरज निघते फक्त १.६ वॅटची! बोलण्यात मधेच येणाऱ्या उंच स्वरांसाठी दहापट राखीव ठेवली, तरी १६ वॅट.

यापुढची गोष्ट मुलांना विशेष आवडली. स्पीकर फळ्याजवळून उचलून बाजूच्या भिंतीवर, वर्गाच्या मध्याजवळ उंच टांगला आणि दूरचे अंतर ४ मीटर झाले, तर ६ डेसिबल वाचतात. म्हणजे चौपट मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचे काम एक खिळा करतो.

खोक्यावरचे वॅट

पण मग खोक्यावर छापलेले "पाचशे वॅट" कुठून येतात? सोबतचा अ‍ॅडाप्टर पाहावा. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिले असेल, तर आत जाणारी शक्ती २४ वॅट. आत जाते त्याहून अधिक सतत बाहेर येणार नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम बाजारालाही लागू आहे. "पीएमपीओ" लिहिलेला आकडा क्षणभराच्या काल्पनिक कमालीचा असतो. पाहायचा तो "आरएमएस" वॅटचा आकडा, आणि तोही किती ओहमसाठी, ते.

१२ व्होल्टवर चालणारे, ब्रिज पद्धतीचे मंडळ ४ ओहमला जास्तीत जास्त १८ वॅट देऊ शकते. दुरुस्तीच्या दुकानांत वर्षानुवर्षे वापरली गेलेली "४४४०" ही आयसी ब्रिज जोडणीत साधारण तेवढेच देते. म्हणजे आपले काम अशा छोट्या मंडळात भागते. मात्र अ‍ॅम्प्लिफायरवर किमान ४ ओहम लिहिले असेल, तर दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर जोडू नयेत. रोध २ ओहम होऊन आयसी जळते. एकसर जोडले तर ८ ओहम होतात.

हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायर?

हेडफोन १ मिलिवॅटला १०० डेसिबल देतो असे धरू. वर काढलेल्या ८ मिलिवॅटला तो १०९ देईल! म्हणजे इथे आवाज वाढवण्याचा प्रश्न नाही, आवरण्याचा आहे. चार हेडफोन एकत्र जोडले तरी प्रत्येकाला सव्वा मिलिवॅट मिळते, तेही भरपूर. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो तो ३०० ओहमसारख्या जास्त रोधाच्या किंवा मंद हेडफोनांना. आणि स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोन कधीही जोडू नये. वरच्या मंडळातून त्याला दोन वॅटहून अधिक मिळू शकतात. हेडफोन जाईल, कानही जाईल.

मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करत जा: ९० ला सव्वा तास, ९९ ला दहा मिनिटांहूनही कमी, आणि तेही आठवड्याभरात. शेंद्र्यातल्या अनेक मुलांचे पालक यंत्रांच्या आवाजात काम करतात. कारखान्यात ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे; त्यापुढे कानांना संरक्षण लागते. बाप कानात बोळे घालून काम करणार आणि मुलगा कानात १०० डेसिबल ओतून घेणार, हे आपल्या डोळ्यांदेखत घडू नये. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

करून पाहा

वीस सुटे शब्द संगणकावरून ऐकवा आणि मुलांना लिहायला सांगा. पुढच्या आणि मागच्या बाकांच्या चुका मोजा. स्पीकरची जागा बदलून, नवे शब्द घेऊन पुन्हा मोजा. फरक मुलांनाच सांगू द्या.

त्या शाळेत आम्ही निघण्यापूर्वी स्पीकर भिंतीवर चढला होता. एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे ठरले. हेडफोनांसाठी काही नाही. उरलेल्या वर्गणीतून दोन पंख्यांचे खडखडणारे बेअरिंग बदलावे, ही सूचना सातवीतल्या एका मुलीची. गोंगाट ५ डेसिबलने उतरला, तर वॅट एक तृतीयांश पुरतील, असे तिने फळ्यावर मांडूनही दाखवले.