विदूषक माशांची जोडी जमवताना

पनवेलच्या बाजारात शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन "विदूषक माशांची एक जोडी द्या" असे सांगणे सोपे आहे. दुकानदार जाळीने दोन मासे उचलतो, प्राणवायू भरलेल्या पिशवीत घालतो आणि पिशवीला रबर लावून तुमच्या हातात देतो. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार, आणि पोहण्याची तऱ्हा अशी डुलत डुलत की सर्कशीतल्या विदूषकाचीच आठवण व्हावी. मात्र घरच्या टाकीत सोडल्यावर काही वेळा निराळाच खेळ सुरू होतो. एक मासा दुसऱ्याचा पाठलाग करतो, त्याचे पर कुरतडतो, त्याला खाण्यापर्यंत पोचू देत नाही. आठवड्याभरात टाकीत एकच मासा उरतो. मग घरातली मंडळी म्हणतात, "दुसरा मासा रोगट असेल," किंवा "त्याला पाणी मानवले नसेल." तसे असूही शकते. पण पुष्कळदा खरे कारण हे असते की दुकानातून आणले ते दोन मासे होते, जोडी नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एक नर आणि एक मादी मागून घेतली की झाले! गप्पी माशांच्या बाबतीत तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. रंगीत शेपटीचा लहान तो नर आणि मोठ्या पोटाची फिकी ती मादी, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. विदूषक माशाचे तसे नाही. या माशाचे पिल्लू जन्मतः नरही नसते आणि मादीही नसते. त्याच्या जननग्रंथीत दोन्ही शक्यता असतात. वाढताना तो आधी नर होतो, आणि परिस्थिती आली तरच नराची मादी होते. एकदा मादी झाली की मात्र तिचा पुन्हा नर होत नाही. ही वाट एकेरी आहे. दुकानातल्या टाकीत एकाच वयाची वीस पिल्ले फिरत असतील, तर त्यांत "मादी कोणती?" या प्रश्नाला उत्तरच नसते. ते अजून ठरायचे असते.

ते कसे ठरते हे समजण्यासाठी आपण क्षणभर प्रवाळाच्या समुद्रात जाऊ. भारतात लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारचे आखात या ठिकाणी विदूषक माशांच्या निरनिराळ्या जाती आढळतात. त्यांचे घर म्हणजे समुद्रपुष्प. नाव फुलाचे असले तरी तो प्राणी आहे, आणि त्याच्या शेकडो लवचिक शुंडांवर विषारी दंशपेशी असतात. इतर लहान मासे तिकडे फिरकत नाहीत. विदूषक माशाला मात्र त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे दंश होत नाही, त्यामुळे तो त्या विषारी झुडपात निर्धास्त राहतो. दूर जाणे मात्र धोक्याचे, कारण बाहेर त्याला खाणारे टपलेलेच असतात. म्हणजे घर एकच, जागा थोडी, आणि राहणारे चार-पाच.

अशा घरात पदक्रम ठरलेला असतो. सर्वांत मोठा मासा मादी. आकाराने दुसरा तो तिचा नर. त्याखालचे सारे उमेदवार. त्यांना अंडी-पिल्लांच्या कारभारात स्थान नाही. हे उमेदवार म्हणजे त्या जोडप्याची मुले असावीत असे कुणालाही वाटेल, पण सहसा तसे नसते. अंड्यातून निघालेली पिल्ले दहा-पंधरा दिवस प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि जिथे समुद्रपुष्प सापडेल तिथे वस्ती करतात. घरातले उमेदवार हे असे बाहेरून आलेले पाहुणे असतात.

आता समजा, मादीला एखाद्या मोठ्या माशाने गिळले. तुमच्या शाळेत मुख्याध्यापक निवृत्त झाले की सेवाज्येष्ठता यादीत काय होते ते आठवा. इथेही तसेच घडते. नर बढती मिळून मादी होतो आणि उमेदवारांतला सर्वांत मोठा मासा नर होतो. बाकीचे एकेक पायरी वर सरकतात. हान्स फ्रिके आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये या माशांमधील एकपत्नीव्रत आणि लिंगबदल यांवरचे आपले काम 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ही सारी व्यवस्था वरच्या माशाच्या दांडगाईवर उभी आहे असे त्यांनी दाखवले. मादी नराला सतत दबावात ठेवते, म्हणून नर मादी होत नाही. नर उमेदवारांना दबावात ठेवतो, म्हणून ते नर होत नाहीत. २००३ साली आलेल्या विदूषक माशाच्या प्रसिद्ध चित्रपटात आई गेल्यावर बाप पोराला शोधत समुद्र पालथा घालतो. जीवशास्त्राप्रमाणे त्या बापाची एव्हाना आई व्हायला सुरुवात झाली असती!

म्हणून घरच्या टाकीत जी मारामारी दिसते, ती निव्वळ खोडसाळपणा नव्हे. वरचा कोण आणि खालचा कोण, याचा तो निवाडा चाललेला असतो आणि त्यातूनच मादी कोण आणि नर कोण हे ठरणार असते. भांडण होऊच न देता जोडी जमवता येत नाही. आपल्या हातात असते ते एवढेच, की भांडण लवकर मिटावे आणि त्यात कुणाचा जीव जाऊ नये.

भांडण लवकर कधी मिटते? कुस्तीच्या फडात दोन तुल्यबळ मल्ल भिडले तर कुस्ती लांबते. पहिलवानासमोर पोरगा उभा केला तर तो हात जोडूनच बाजूला होतो. माशांचेही हेच गणित आहे आणि ते आकड्यांत मांडलेले आहे. पीटर बस्टन या शास्त्रज्ञाने पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात विदूषक माशांच्या अनेक घरांतले मासे मोजले. पदक्रमात लागोपाठ येणाऱ्या दोन माशांच्या लांबीत ठरावीक अंतर राखलेले असते असे त्याला दिसले. वरचा मासा खालच्याच्या सुमारे १.२६ पट लांब असतो. मादी ८ सें.मी. असेल तर नर सुमारे ६.३, पुढचा उमेदवार ५ आणि त्याच्या पुढचा ४ सें.मी. विशेष म्हणजे खालचा मासा आपली वाढ स्वतःच आवरून धरतो. वरच्याच्या बरोबरीला आला तर तो घराबाहेर हाकलला जाईल ना!

इथे वहीवर एक छोटे गणित करून पाहा. १.२६ ला १.२६ ने दोनदा गुणा, म्हणजे त्याचा घन काढा. उत्तर जवळजवळ २ येते. दोन्ही माशांचा घाट सारखा धरला तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा लांबीत सव्वापट दिसणारा मासा वजनाने दुप्पट असतो. आपल्या डोळ्यांना फरक थोडा दिसतो, पण धक्का खाणाऱ्याला तो चांगलाच कळतो.

जोडी निवडण्याचा नियम यातूनच निघतो. दोन लहान मासे घ्या, पण एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठा हवा. दोन्ही एकाच जातीचे असावेत. आधीच मोठा मासा पाळलेला असेल तर त्याच्यासाठी बराच लहान, कोवळा जोडीदार आणावा. तो अजून काहीच ठरलेला नसल्यामुळे मुकाट्याने नर होतो. सर्वांत वाईट निवड म्हणजे दोन पूर्ण वाढलेले मोठे मासे. दोन्ही माद्या निघाल्या तर माघार घ्यायची वाट दोघींनाही बंद असते, आणि एकीचा अंत झाल्याशिवाय लढाई थांबत नाही. गालावर काटा असलेली लालसर तपकिरी जात तर या बाबतीत फारच तापट. तिची मादी नरापेक्षा कितीतरी मोठी असते आणि दुबळ्या जोडीदाराची गय करत नाही. पहिल्यांदाच टाकी करणाऱ्याने या जातीच्या वाटेला जाऊ नये हे बरे.

नवा मासा एकदम मोकळा सोडू नका. भोके पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवून तो डबा काही दिवस टाकीतच राहू द्या. दोघांना एकमेकांची ओळख होते, पण चावता येत नाही. सोडायच्या दिवशी टाकीतल्या दगडांची मांडणी बदला. जुन्या माशाचा "हा कोपरा माझा" हा हक्क त्यामुळे थोडा ढिला पडतो. दगडांत लहान माशाला शिरता येईल आणि मोठ्याला येणार नाही अशा एक-दोन फटीही ठेवाव्यात.

यानंतरचे काम पाहण्याचे, आणि मला तर तेच सर्वांत मौजेचे वाटते. मोठा मासा अंगावर धावून आला की लहान मासा पळण्याऐवजी जागीच थरथरू लागतो. डोके झटकतो, कधी अंग एका बाजूला कलंडवतो. नवखा माणूस घाबरतो आणि माशाला झटके आले असे समजतो. वास्तविक ही शरणागती आहे! "तू वरचा, मी खालचा" असे तो सांगत असतो. ही थरथर दिसली की जोडी जमायच्या मार्गाला लागली असे खुशाल समजावे. या बोलाचालीत आवाजही असतो. विदूषक मासे जबडा झटकन मिटून दातांवर दात आपटतात आणि टक्-टक् असा आवाज काढतात, हे एरिक पारमँतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. मासा जितका मोठा तितका आवाज खालच्या पट्टीतला. म्हणजे आवाजावरूनही प्रतिस्पर्ध्याचे आकारमान कळू शकते. जपानमधल्या ओकिनावा येथे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर असे दिसले की तीन पट्ट्यांचा विदूषक मासा आपल्यासारख्याच तीन पट्टेवाल्यावर सर्वांत जास्त चाल करतो. पट्टे नसलेल्या किंवा कमी पट्ट्यांच्या माशाकडे तो त्यामानाने कमी लक्ष देतो. घरावर हक्क सांगणारा उपरा हा बहुधा आपल्याच जातीचा असणार, हे त्याला पक्के ठाऊक असावे.

मात्र काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नका. लहान मासा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात दडून बसला, त्याचे पर फाटले, त्याने खाणे सोडले, किंवा तो थरथरून शरण येत असतानाही मार थांबत नसला, तर मासे लगेच वेगळे करा. प्रवाळात हरलेल्याला निदान निसटून जाण्याची संधी असते. टाकीला चारही बाजूंनी काच असते आणि ती आपणच लावलेली असते.

आता पाण्याविषयी थोडेसे, कारण पनवेलला खाडी जवळ म्हणून तिथलेच पाणी आणावे असा मोह होईल. ते चालणार नाही. खाडीत गोड्या पाण्याची भर पडते, पावसाळ्यात खारेपणा फारच उतरतो, शिवाय गाळ आणि कारखान्यांचे सांडपाणी आहेच. स्वयंपाकाचे मीठही उपयोगाचे नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असे बरेच काही असते. त्यासाठी तयार सागरी मीठ मिळते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. क्लोरीन काढलेल्या पाण्यात ते विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवावे. उरण-पेणकडची मिठागरे तुम्ही पाहिली असतील. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. तुमची टाकी हेही एक छोटे मिठागरच आहे! म्हणून आटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्याने करायची, खाऱ्याने नव्हे. माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांतून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणू नयेत. आधीच अमोनियाने गुदमरलेले मासे एकमेकांशी नीट भांडूही शकत नाहीत. समुद्रपुष्प नसले तरी चालते. टाकीत जन्मलेले विदूषक मासे त्यावाचून मजेत राहतात.

टाकीत जन्मलेले, असे मुद्दाम म्हटले. प्रवाळातून पकडलेला मासा आणणे म्हणजे तिथल्या एका घराची सारी ज्येष्ठता यादी मोडणे. पकडलेली जर मादी असेल, तर नवी मादी तयार होईपर्यंत त्या घरात अंडी पडत नाहीत. सुदैवाने दूर जायला नको. पनवेलहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर ऐरोली लागते. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाने शोभेच्या सागरी माशांचे बीजकेंद्र उभारले आहे. त्याला लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे तांत्रिक साह्य मिळाले. तिथे विदूषक माशांची पैदास टाक्यांतच केली जाते. तेव्हा दुकानात मासे घेताना "हे पैदाशीचे आहेत की समुद्रातले?" असे अवश्य विचारा.

जोडी पक्की जमली की दोघे रात्री एकाच जागी झोपतात, आणि पुढे एखाद्या दिवशी सपाट दगड तोंडाने घासून स्वच्छ करू लागतात. त्यावर मादी नारिंगी अंडी चिकटवते. ती राखण्याचे काम मुख्यतः नराचे. तो परांनी वारा घालावा तसे पाणी घालत राहतो, मेलेली अंडी वेचून टाकतो. साधारण आठवड्याभराने, काळोख पडल्यावर, पिल्ले बाहेर येतात. या दिवसांत टाकीत हात घातलात तर मादी तुमच्या बोटाला चावेल, तेवढी तयारी ठेवा.

आणि काही वर्षांनी मादी मेली तर? मग नर एकटा पडला म्हणून त्याच्यासाठी मोठीशी मादी शोधत फिरू नका. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दोन-दोन नर एकत्र ठेवून पाहिले. त्यांचा वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वरचढ ठरलेल्या नराच्या मेंदूतला संबंधित भाग सहा महिन्यांच्या आत मादीसारखा झाला, जननग्रंथी मात्र पुष्कळ मागे राहिल्या. काही मासे तर मेंदूने मादी आणि शरीराने नर अशा अवस्थेत दीर्घकाळ राहिले. तुमच्या टाकीतला विधुर नरही याच वाटेने जाणार आहे. त्याच्यासाठी आता त्याच्याहून लहान मासा आणा, भोके पाडलेला डबा पुन्हा धुऊन काढा आणि वाट पाहा.