आधी घड्याळाची पाठ वाचा!

बालदोस्तांनो, घरातलं एखादं मनगटी घड्याळ बंद पडलं, की आपले हात शिवशिवायला लागतात. आत काय असेल बरं? मग कुणी स्वयंपाकघरातली सुरी आणतो, तर कुणी कंपासपेटीतलं कर्कटक! थांबा. सुरी घसरली, तर घड्याळावर ओरखडा येईल आणि तळहातही कापेल. कोणतं हत्यार घ्यायचं, हे घड्याळाची पाठच सांगते. ती वाचायची कशी, ते पाहू या.

पण त्याआधी एक प्रश्न. घड्याळ उघडायची गरज आहे का? आजोबांचं 'एचएमटी जनता' असेल, तर त्यात सेल नसतोच! सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. 'जनता' हे त्यांचं चावीचं घड्याळ. तेव्हा आधी चावी देऊन बघा.

सेलचं घड्याळ असेल, तर ते मऊ फडक्यावर पालथं ठेवा आणि भिंगातून कड न्याहाळा.

पाठ गुळगुळीत आहे आणि कडेला एकच बारीक खाच आहे? मग हे डब्यासारखं दाबून बसवलेलं झाकण. त्याला आखूड, जाड पात्याची, घड्याळासाठीच केलेली बोथट सुरी लागते. पातं खाचेत टेकवून हलकेच पिळायचं, जोराने ढकलायचं नाही. दुसरा हात पात्यासमोर कधीच नको.

कडेने सारख्या अंतरावर खाचा आहेत? मग हे बरणीसारखं आट्यांचं झाकण. त्याला दातांचा पाना लागतो. दोन दातांपेक्षा तीन दातांचा बरा, कारण तो तीन जागी धरतो आणि सहसा निसटत नाही. झाकण फार घट्ट नसेल, तर चिकट रबरी चेंडू दाबून फिरवला तरी काम होतं, शिवाय ओरखडाही नाही. फिरवायचं कुठे? काट्यांच्या उलट दिशेने!

चार कोपऱ्यांत चार स्क्रू आहेत? बऱ्याच डिजिटल घड्याळांना असे असतात. इथे बारीक स्क्रूड्रायव्हर हवा, आणि त्याचं टोक खाचेत नेमकं बसायला हवं. टोक लहान पडलं, की खाच झिजते आणि मग स्क्रू निघता निघत नाही. काढलेले स्क्रू वाटीत ठेवा बरं का!

यांपैकी काहीच दिसत नाही? काही घड्याळांना मागे झाकणच नसतं, ती काचेच्या बाजूने उघडतात. स्मार्ट घड्याळं तर बहुधा चिकटवलेली असतात. अशी घड्याळं, आणि पोहताना वापरायचीही, सरळ दुरुस्तीवाल्या काकांकडे न्या. झाकणाखालची रबरी रिंग नीट बसली नाही, तर आत पाणी शिरतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आई-बाबांनो, तुम्हीही वाचा. सेलवरचे आकडे त्याचं माप सांगतात. 'सीआर २०१६' म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर जाड. एवढा सेल लहान भावंडाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं. जुना सेलसुद्धा धोक्याचाच! म्हणून काढलेला सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेवा. कुणी गिळल्याची नुसती शंका आली, तरी तडक दवाखाना गाठा. आणि मुलांनो, घड्याळ उघडताना मोठं माणूस शेजारी हवंच.

आणखी एक. हत्यारांचा भलामोठा संच घेऊ नका. आपल्या घड्याळाला लागेल तेवढं एकच, पण चांगलं हत्यार घ्या.

या रविवारी घरातली सगळी घड्याळं पालथी करा आणि वहीत तक्ता आखा: कुणाचं घड्याळ, पाठ कशी, हत्यार कोणतं. एकही घड्याळ न उघडता केवढं तरी शिकाल!