‘कट्यार’ : रंगमंचावरून पडद्यावर

संगीत नाटकाचा चित्रपट निघाला की जाणकार नाक मुरडतात. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आले. वसंतराव देशपांडे यांनी त्यातले खाँसाहेब गाजवले. २०१५ च्या चित्रपटात ही भूमिका सचिन पिळगावकरांनी केली. गळा मात्र वसंतरावांचे नातू राहुल यांचा. नाटकात ‘वन्स मोअर’ मिळाला की पद पुन्हा रंगते, पडद्यावर ती सोय नाही. पण दादरच्या नाट्यगृहाचे तिकीट न परवडणाऱ्या लालबाग-परळच्या घरांतही जितेंद्र अभिषेकींच्या चाली टीव्हीवरून पोहोचल्या.

कथेत खाँसाहेब दुसऱ्या घराण्याच्या सदाशिवला विद्या नाकारतात. तो लपून ऐकत शिकतो. विद्या कोंडून ठेवली की काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. वाचकहो, मुलांना चित्रपट दाखवा आणि प्रयोग लागला तर नाटकालाही न्या.