पडद्यावरचं भूत

बालमित्रांनो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कुठून सुरू होतो, ठाऊक आहे? आपल्या पनवेलजवळच्या कळंबोलीहून! २००२ साली हा रस्ता पूर्ण खुला झाला. इथून टॅक्सीने पुण्याला निघालात, की ड्रायव्हरकाकांच्या समोर अडकवलेला मोबाइल पाहा. दिवसभर त्यावर नकाशाच चालू. वरची पट्टी वर, खालची पट्टी खाली, सगळं जागच्या जागी.

आता काकांनी नकाशा बंद केला, तरी कधी कधी त्या पट्ट्या पुसट दिसतच राहतात. भूतबीत आहे की काय? छे! याला म्हणतात ‘स्क्रीन बर्न-इन’. नावात ‘जळणं’ असलं, तरी जळत काहीच नाही बरं का. पडदा झिजतो!

तुमच्या शाळेचा जुना दगडी जिना आठवा. पायरीचा मधला भाग खोलगट झालेला असतो, कडा मात्र तशाच. का? सगळे मधूनच चालतात म्हणून. पडद्याचंही तसंच. आजच्या अनेक फोनमध्ये ‘ओएलईडी’ पडदा असतो. त्यातला प्रत्येक बारीक ठिपका स्वतःच उजेड देतो, आणि उजेड देता देता थोडा थोडा मंद होतो. निळा ठिपका तर सगळ्यांत लवकर थकतो. जिथे तेच चित्र तासन्‌तास, तिथले ठिपके जास्त थकतात. मग त्या जागी उरते सावली.

‘एलसीडी’ पडद्याची गोष्ट वेगळी. त्यात उजेड मागच्या दिव्याचा असतो. सावली दिसलीच, तरी बहुधा थोड्या वेळानं जाते.

हे दुखणं नवं नाही हं! आजोबांच्या काळातल्या काचेच्या नळीच्या पडद्यांनाही ते होतं. आत फॉस्फरचा थर असे, तोही असाच झिजे. म्हणून तर कॉम्प्युटरवर ‘स्क्रीन सेव्हर’ आला. नावच सांगतं ना, पडदा वाचवणारा!

आता कामाची गोष्ट. ही आई-बाबांनाही वाचून दाखवा. समजा, ताईच्या दहावीच्या अभ्यासासाठी घरात जुना फोन घ्यायचा आहे. दुकानात रंगीबेरंगी चित्रावर सावली लपून जाते. म्हणून पैसे देण्याआधी एवढं करा : पडद्यावर पूर्ण करड्या रंगाचं कोरं चित्र उघडा आणि नीट निरखा. कीबोर्डच्या रेघा किंवा बॅटरीचं चिन्ह पुसट दिसलं, तर पडदा झिजलेला आहे. भाव करताना बाबांना हे हळूच सांगा!

‘डाग घालवतो’ म्हणणाऱ्या अ‍ॅपवर मात्र भाळू नका. झिजलेला ठिपका पुन्हा नवा होत नाही. फार तर बाकीचे ठिपके झिजवून फरक कमी दिसतो. पायरी सपाट करायला कडाही घासून काढल्यासारखंच की हे!

मग घरचा फोन जपायचा कसा? उजेड कमी ठेवा. पडदा अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होईल असं करा. मागची पार्श्वभूमी काळी घ्या, कारण ओएलईडीत काळा म्हणजे विझलेला ठिपका, त्याला विश्रांती! आणि गाडीत काचेजवळ रणरणत्या उन्हात फोन ठेवू नका, उष्णतेनं झीज वाढते.

तर मग, आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येक फोनची तपासणी करा पाहू. एखादं भूत सापडलं, तर घाबरू नका. ते कुठून आलं, हे तुम्हाला आता ठाऊक आहे!