प्रवासातील इंटरनेटचा जमाखर्च

द्रोणागिरी परिसरातील व्यापारी कुटुंबांच्या दिनक्रमावर बंदराची छाया असते. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झाले आणि आयातदार, सीमाशुल्क दलाल, गोदाम-व्यावसायिक यांचा कारभार येथे विस्तारला. 12 जानेवारी 2024 रोजी खारकोपर-उरण लोहमार्ग व अटल सेतू यांचे उद्घाटन झाले. जाणे-येणे सुकर झाले; परंतु प्रवासाला निघाल्यावर पेढी मिटून ठेवता येत नाही, हे आजच्या व्यापाराचे वास्तव आहे.

आयात मालाचे बिल ऑफ एन्ट्री आता सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट या संकेतस्थळावर दाखल होते. 2021 पासून बहुतेक सागरी मालासाठी ते जहाज येण्याच्या आदल्या दिवसअखेर भरावे लागते. सुट्टीचीही सवलत नाही. विलंब झाल्यास पहिले तीन दिवस प्रतिदिन 5,000 रुपये आणि पुढे प्रतिदिन 10,000 रुपये आकार बसू शकतो. अशा वेळी मालक सहकुटुंब यात्रेला निघालेले असतील, दलालाकडे इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्ट पोहोचलेली नसेल आणि मोबाइलचा डेटा संपला असेल, तर फलाटावरील वाय-फाय मोठाच आधार ठरतो.

रेल्वे स्थानकांवरील ही सेवा जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल येथे रेलटेल व गूगल यांच्या सहकार्याने विनामूल्य सुरू झाली. मार्च 2021 मध्ये रेलटेलने सशुल्क योजना आणल्या. त्यानुसार रोज पहिली 30 मिनिटे 1 एमबीपीएस वेगाने मोफत. त्यापुढे करांव्यतिरिक्त 10 रुपयांत दिवसभरासाठी 34 एमबीपीएस वेगाने 5 जीबी डेटा असा प्रारंभीचा दर होता. मोबाइल क्रमांकावर येणारा ओटीपी भरला की जोडणी मिळते. मात्र ही सेवा स्थानकापुरती असते, धावत्या गाडीत नव्हे. म्हणून गाडी सुटण्यापूर्वीच कागद पाठवावेत आणि ते पोहोचल्याची खात्री करावी.

स्वस्ताईइतकीच सावधगिरीही महत्त्वाची. मिळत्याजुळत्या नावाचे जाळे कोणीही उभारू शकतो. म्हणून स्थानकावरील फलकाशी नाव ताडून पाहावे. वाय-फाय जोडणीसाठी यूपीआय पिन अथवा नेटबँकिंगचा पासवर्ड मागितला गेल्यास तेथेच थांबावे. बँकेचे व्यवहार स्वतःच्या मोबाइल डेटावरच करावेत आणि काम होताच वाय-फाय बंद करावे. परदेशी जाताना रोमिंगचा पॅक घरूनच घ्यावा. तो न घेता डेटा चालू राहिला, तर बिलाचा आकडा डोळे पांढरे करतो.

या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेस मंजुरी दिली. तिच्या अंतर्गत किराणा दुकानदार वा चहावालाही परवाना, नोंदणी व शुल्काविना ग्राहकांना वाय-फाय पुरवू शकतो. एकेकाळी दुकानाच्या कोपऱ्यातील एसटीडी-पीसीओ जसा वाटसरूंच्या उपयोगी पडे आणि चार पैसे मिळवून देई, तसाच हा नवा पूरक व्यवसाय आहे. कंटेनर घेऊन दूरदूरच्या राज्यांतून येणारे चालक द्रोणागिरीच्या रस्त्यांवर तासन्‌तास थांबतात. घरच्यांशी चार शब्द बोलण्यासाठी त्यांना रास्त दरात इंटरनेट देणारा दुकानदार नफ्यासोबत त्यांचा विश्वासही जोडील.