हसत हसत उकलणारे रहस्य

खून आणि विनोद ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटते. एक भीतीचा विषय, तर दुसरा आनंदाचा. तथापि काही इंग्रजी लेखकांनी ही दोन टोके मोठ्या कौशल्याने एकत्र बांधली आहेत. अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांची १९५० साली प्रसिद्ध झालेली ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही कादंबरी याचे उत्तम उदाहरण होय.

कथेचा आरंभच गमतीदार आहे. इंग्लंडमधील चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या एका काल्पनिक खेड्यात सकाळी घरोघर स्थानिक वृत्तपत्र येते. त्यातील जाहिरातींत एक विलक्षण निवेदन असते. ‘लिटल पॅडॉक्स’ या घरी शुक्रवारी सायंकाळी साडेसहा वाजता खून होणार असून स्नेह्यांनी अगत्य यावे, असा त्याचा आशय. घरमालकीण मिस ब्लॅकलॉकही ते वाचून चकित झालेल्या दिसतात! हा एखादा खेळ असावा, असे समजून शेजारी एकामागून एक येऊन दाखल होतात. कुतूहल तर दडत नाही आणि ते कबूलही करवत नाही. म्हणून प्रत्येक जण ‘सहज डोकावलो’ असा बहाणा करतो आणि घर किती उबदार आहे, याचे तेच ते कौतुक करतो. माणसाच्या या निरुपद्रवी ढोंगाचे हसू येते न येते, तोच दिवे जातात, गोळ्यांचे आवाज होतात, आणि उजेड येतो तेव्हा एक अनोळखी तरुण मरून पडलेला असतो.

या कादंबरीची गोडी पुरतेपणी कळण्यास त्या काळाची ओळख हवी. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, पण इंग्लंडमधील टंचाई संपली नाही. युद्धकाळातही ज्या पावावर नियंत्रण नव्हते, तो १९४६ ते १९४८ या काळात मोजून मिळू लागला. मांसावरील नियंत्रण तर १९५४ पर्यंत टिकले. मुंबईतही १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले होते. त्यामुळे शिधापत्रिका आणि काळाबाजार हे शब्द मराठी वाचकाला परके नाहीत. कथेतील सभ्य गावकरीही लोणी, भाजीपाला, कापडाची कूपने यांची चोरटी देवघेव करतात. ही गंमत केवळ हसण्यापुरती नाही. जिन्नस ठेवण्यासाठी शेजारी कोणाच्याही घरात मागील दाराने शिरतात. मग तेथे खुनी शिरला तर तो ओळखावा कसा?

वृद्ध मिस मार्पल नेमके येथेच बोट ठेवतात. पूर्वी खेड्यात प्रत्येकाचे कूळ ठाऊक असे. युद्धाने माणसे पांगली, नवी आली. आता कोण कोठला, हे त्याने स्वतः सांगावे आणि इतरांनी मानावे. ओळखपत्र असे, पण त्यावर छायाचित्रही नव्हते. विनोदाच्या आड लपलेले कथेचे मर्म ते हेच.

याहून मोलाची गोष्ट मित्झी या स्वयंपाकिणीची. ती युरोपातून आलेली निर्वासित. ती कांगावा करते, अतिशयोक्ती करते, म्हणून सारे तिला हसतात, वाचकही हसतो. परंतु तिच्या थापांच्या तळाशी खऱ्या दुःखाचा अंश आहे, हे हळूहळू उमगते. शेवटी गुन्हेगाराला उघडे पाडण्याच्या कामी तीच धैर्याने पुढे होते. तेव्हा आपण कोणाला हसलो, याचा वाचकाला क्षणभर संकोच वाटतो.

अशी कादंबरी वाचताना शेवटचे पान आधी उघडण्याचा मोह आवरावा. जेथे हसू येईल, तेथे किंचित थांबावे. कारण चतुर लेखक पुष्कळदा हास्याच्या पदराखालीच रहस्याचा धागा लपवितो. गुन्हेगार कोण, हे एकदा कळले की रहस्य संपते. पण माणसांकडे बारकाईने आणि सहानुभूतीने पाहण्याची जी सवय लागते, ती पुस्तक मिटल्यावरही सोबत राहते.